लायनरचा वास

मागच्या जुलैत अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये, साउथ हेव्हनजवळच्या जिंजरमॅन रेसवेवर, आपापल्या गाड्या पळवायला आम्ही कामावरच्या सात-आठ जणांनी ट्रॅकचा एक दिवस घेतला होता. मिशिगन सरोवर जवळ असल्याने सकाळी हवेत गारवा होता, आजूबाजूला ब्लूबेरीच्या बागा होत्या, आणि वाईहून उन्हाळ्यापुरते आमच्याकडे आलेले बाबा पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या आवारात, घडीच्या खुर्चीवर थर्मासमधला चहा पीत बसले होते. वीस मिनिटांची माझी दुसरी खेप होती. तीन फेऱ्या झकास झाल्या. चौथ्या फेरीत सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेकवर पाय ठेवला, तर पेडल नेहमीच्या जागी थांबलेच नाही. ओल्या स्पंजवर पाय पडावा तसे ते खाली खाली जात राहिले. शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाने आवाज न चढवता सांगितले, "पेडल झटपट दाब आणि सोड." दोन-तीनदा दाबल्यावर थोडा जोर आला, गाडी रुंद वळण घेत गवताच्या कडेपर्यंत गेली आणि सावरली. उरलेली फेरी आम्ही वरातीच्या वेगाने पूर्ण केली.

गाडी उभी करून मी खाली उतरले, तोवर बाबा चालत येऊन पुढच्या चाकाशी पोहोचलेही होते. त्यांनी हाताचा पालथा पंजा चाकापासून वीतभर अंतरावर धरला, नाक थोडे पुढे केले आणि म्हणाले, "ब्रेकचे लायनर भाजलेत. पेडल कडक झालं होतं की खाली गेलं?" मी म्हटले, खाली गेले. "मग लायनरचं नंतर बघू. आधी ऑइल उकळलं." एवढे बोलून ते गप्प बसले असते तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती. पण त्यांनी शेजारच्या खणात उभ्या असलेल्या, काळ्या बॉनेटच्या कॅमारोकडे मान वळवली आणि विचारले, "ती तर तुझ्यापुढं पळत होती. तिला वास कसा नाही?"

मी गाड्यांच्या सस्पेन्शनचे रबरी बुश तपासण्याचे काम करते. मला उत्तर ठाऊक होते. तरीही ते सांगताना माझी जीभ अडखळली, आणि ती का अडखळली हे शोधण्यात पुढचे काही महिने गेले.

माझी गाडी कोणती हे सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. आठ सिलिंडर आहेत, चारशेहून अधिक हॉर्सपॉवर आहेत, आणि तिच्या ब्रेक ऑइलला तीन वर्षे मी हात लावला नव्हता. ब्रेक ऑइल हवेतले पाणी हळूहळू शोषून घेते. नवे डॉट 4 ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळता कामा नये असा दंडक आहे. त्यात पाणी मुरले की हाच दंडक 155 अंशांवर येतो. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि द्रव दाबला जात नसला तरी वाफ दाबली जाते. पायाचा सगळा जोर ते बुडबुडे दाबण्यात संपतो, चाकापर्यंत काही पोहोचत नाही. हे सारे मी शिकलेले आहे. ज्याला हे कधी शिकवले गेले नाही अशा माणसाने ते पंजाच्या पालथ्या बाजूने ओळखले, हा एक सल. दुसरा सल गाडी घेतानाचा. मागणीच्या कागदावर परफॉर्मन्स पॅकेजचा, म्हणजे ट्रॅकवर टिकणाऱ्या ब्रेक, टायर, कूलर अशा जादा सामग्रीचा, एक चौकोन होता. त्याच पैशांत मी वारा खेळवणाऱ्या चामडी सीट आणि बारा स्पीकर घेतले होते.

बाबा एस.टी.च्या वाई आगारातून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. पसरणी घाट उतरून आलेल्या गाड्यांच्या ड्रमजवळ तसाच हात धरून फिरताना मी त्यांना लहानपणी पाहिले आहे. पावसाळ्यात घाटाच्या पायथ्याशी ओल्या मातीच्या वासात आणखी एक वास मिसळलेला असे: थोडा जळक्या केसांचा, थोडा तापलेल्या तव्यावर रबर पडल्यासारखा. मालाचे ट्रक आणि खच्चून भरलेल्या वडापच्या जीप तो वास मागे सोडत जात. ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हे वाक्य आमच्या घरात स्तोत्रासारखे म्हटले जाई. घाट चढणारे इंजिन सर्वांना दिसते, ऐकू येते. घाट उतरताना गाडीवर काय गुदरते ते मात्र पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसालाच कळते. मिशिगनसारख्या पोळपाटासारख्या सपाट मुलखात घाट नाही. इथे ट्रॅक हाच घाट, आणि तो दर फेरीत पुन्हा पुन्हा उतरावा लागतो.

एकदा रात्री मी हिशेब मांडला. चालकासह 1,800 किलोची गाडी ताशी 190 किलोमीटरवरून 80 वर आणायची, तर सुमारे वीस लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी टाकावी लागते. नळाचे सहा लिटर पाणी उकळायला साधारण एवढीच उष्णता लागते. आणि ती तीन-चार सेकंदांत, लोखंडाच्या चार तबकड्यांमध्ये, त्यातही बहुतांश पुढच्या दोनमध्ये ओतायची असते. पाण्याचे सहा लिटरचे पातेले शेगडीवर ठेवले तर उकळी फुटेपर्यंत माणूस वर्तमानपत्र वाचून काढतो. इथे तबकडी निवते न निवते तोच पुढचे वळण येते. चारशे-पाचशे हॉर्सपॉवरची जाहिरात वाचताना मला आता आधी ही पातेली दिसतात. कारण इंजिन जितके तगडे, तितके प्रत्येक पातेले मोठे.

काळ्या बॉनेटची ती गाडी म्हणजे कॅमारो एसएस 1एलई. हे नाव कुणा जाहिरातवाल्याला सुचलेले नाही; जनरल मोटर्सच्या मागणीपत्रकातला तो एक सांकेतिक क्रमांक आहे, आणि त्याचा उगमही ब्रेकमध्येच आहे. ऐंशीच्या दशकात दुकानातून घेतलेल्या गाड्या जवळपास तशाच पळवायच्या अशा लांब पल्ल्याच्या शर्यती भरत. त्यांत कॅमारोचे इंजिन टिके, पण ब्रेक थकत आणि लांब वळणांत टाकीतले पेट्रोल एका बाजूला जाऊन इंजिन उपाशी राही. 1988 मध्ये मोजक्या गाड्यांना मोठे ब्रेक आणि आत आडपडदे घातलेली टाकी देऊन 1एलई सुरू झाली. पुढची काही वर्षे ती मिळवण्याची रीत गमतीदार होती. कागदावर 1एलई असे मागायचेच नाही. ठरावीक परफॉर्मन्स पर्याय घ्यायचा, एअर कंडिशनर नको म्हणायचे, की ही सामग्री आपोआप पदरात पडे. उकाडा सोसायची तयारी असलेल्यालाच हिची गरज आहे, असा त्यांचा हिशेब असावा. मला तो आजही पटतो, माझ्या गार सीटवर बसून.

सहाव्या पिढीच्या एसएस 1एलईत, म्हणजे 2017 पासूनच्या गाडीत, इंजिन साध्या एसएसचेच, म्हणजे आठ सिलिंडरच्या नेहमीच्या कॅमारोचेच, आहे: 6.2 लिटर, 455 हॉर्सपॉवर. एकही हॉर्सपॉवर वाढवलेली नाही. पैसे जातात ते इंजिन ऑइल, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल या तिघांना गार ठेवण्यात, पुढे तबकडी आवळणाऱ्या सहा पिस्टनच्या ब्रेम्बो कॅलिपरमध्ये, पुढे 285 आणि मागे 305 मिलिमीटर रुंदीच्या गुडइयर टायरांमध्ये, कडक स्प्रिंगांत, आणि कुठल्या मागच्या चाकाला किती जोर द्यायचा हे संगणकाने ठरवणाऱ्या डिफरन्शियलमध्ये. त्याच वर्षी कंपनीने 1एलई हे नाव व्ही6 कॅमारोलाही लावले, आणि पुढे चार सिलिंडरच्या 275 हॉर्सपॉवरच्या कॅमारोलाही. मसल कारच्या, म्हणजे थोराड इंजिनाच्या अमेरिकन गाड्यांच्या, पंथात चार सिलिंडर म्हणजे उपवासाच्या दिवशी कांदा. पण मला त्या गाडीबद्दल गुपचूप आदर आहे.

दुपारी त्या गाडीच्या मालकाने मला शेजारी बसवून चार फेऱ्या मारल्या. गाडीच्या खिडक्या अरुंद असतात म्हणून सगळेच कुरकुरतात, आणि खरेच, किल्ल्याच्या जंग्यांतून बाहेर बघावे तसे वाटते. वेगाचे फारसे आश्चर्य वाटले नाही. आश्चर्य वळणाच्या तोंडाशी होते. माझी गाडी जिथे नाक बाहेर काढून "मला नाही जमणार" म्हणते, तिथे हिचे नाक आत वळले आणि तिथेच राहिले. हेल्मेटमधल्या डोक्याचे वजन मानेला कळले, पोटातले आमटी-भात डावीकडे सरकले, आणि मालक मात्र एका हाताने चष्मा सारखा करत होता. चौथ्या फेरीत मी त्याच्या पायाकडे बघत राहिले. पहिल्या फेरीत जिथे त्याने ब्रेक दाबला होता, चौथ्यातही तिथेच दाबला. तेवढेच.

फोर्डच्या मस्टँगची गोष्ट वेगळी आहे. 1964 पासूनच्या या गाडीचा मागचा आक्सल, एखाद्या खास आवृत्तीचा अपवाद सोडला, तर 2015 पर्यंत अखंडच होता. म्हणजे बैलगाडीच्या आसासारखी दोन्ही चाके एकाच दांड्याला बांधलेली, आणि एक चाक खड्ड्यात गेले की दुसऱ्याला त्याचा हिसका. सरळ रेषेत पळायला तो दांडा उत्तम आणि मजबूत. सपाट डांबरावर वळायलाही वाईट नाही. अखंड आक्सलच्या 2012 च्या बॉस 302 लगुना सेकाने भल्याभल्यांना घाम फोडला होता. पण वळणाच्या मध्येच डांबराला उंचवटा आला की मागचा भाग उडी मारून शेजारी सरकतो. त्या दिवशी आमच्यातल्या एकाची 2018 ची मस्टँग जीटी जॅकवर उचलली होती. बाबा गुडघ्यावर हात ठेवून वाकले, बराच वेळ खाली बघत राहिले आणि म्हणाले, "हिचं हाऊसिंग कुठंय?" आयुष्यभर बसखाली झोपून त्या लोखंडी भोपळ्याकडे बघितलेल्या माणसाला तिथे दोन सडपातळ दांडे आणि ठिकठिकाणी बुश दिसत होते. त्यातला एक बुश आमच्याकडे तपासलेल्या बुशांच्याच जातीचा होता. तो मी बोटाने दाखवला, आणि मला उगाचच दहावीचा निकाल दाखवल्यासारखे वाटले.

त्या गाडीला पहिल्या पातळीचे परफॉर्मन्स पॅकेज होते: पुढे पंधरा इंची तबकड्या आणि सहा पिस्टन, मोठा रेडिएटर, कडक स्प्रिंग, टॉर्सन डिफरन्शियल, आणि पुढे 255 व मागे 275 चे मिशेलिन. इंजिन साध्या जीटीचेच, पाच लिटर, 460 हॉर्सपॉवर. रोज कामावर नेता येईल आणि महिन्यातून एकदा ट्रॅकवर लाज जाणार नाही, असे हे पॅकेज आहे. 2018 मध्येच फोर्डने त्यावर दुसरी पातळी आणली. तिची किंमत 6,500 डॉलर होती, ती फक्त हाताच्या गिअरची होती, आणि तिला चारही चाकांना 305 रुंदीचे मिशेलिन कप 2 होते. पुढच्या टायरची रुंदी 255 वरून 305 वर नेणे म्हणजे वहाण काढून गमबूट घालणे. ट्रॅकवर नाक खिळ्याने ठोकल्यासारखे बसते. पण अशा गाडीतून मी एकदा आय-96 महामार्गावरून गेले आहे. काँक्रीटला ट्रकांनी पाडलेल्या प्रत्येक चाकोरीत ते रुंद टायर शिरू पाहतात, आणि पन्नास किलोमीटर आपण हट्टी बकरीला दोरीने नेत असल्यासारखे स्टिअरिंग धरून बसतो. शिवाय असल्या टायरांचे रबर थंडीत कडक होते; गोठणबिंदूच्या आसपास ते वापरूच नयेत असे कंपन्याच बजावतात. मिशिगनमध्ये याचा अर्थ, नोव्हेंबर ते मार्च गाडीला चादर.

या दोन हाडवैऱ्यांच्या पोटात एक गोष्ट मात्र समान आहे, आणि दोन्हीकडचे भक्त तिच्याबद्दल फारसे बोलत नाहीत. कॅमारो 1एलईचे चुंबकीय शॉक ॲब्सॉर्बर आणि मस्टँगचे मॅग्नेराइड हे एकाच घराण्यातले तंत्र आहे. शॉकमधल्या तेलात लोखंडाचे सूक्ष्म कण असतात. विजेने चुंबकत्व दिले की ते कण रांगेत उभे राहतात आणि पातळ तेल क्षणात घट्ट होते. सेकंदाला हजारदा हा निर्णय बदलता येतो. शहरात खड्ड्यावर मऊ आणि ट्रॅकवर ताठ, अशी दोन्ही सोंगे एकाच शॉकला वठवता येतात. पण सगळ्यात टोकाच्या कॅमारोत, 650 हॉर्सपॉवरच्या झेडएल1 1एलईत, जनरल मोटर्सने हे चुंबकीय शॉक काढून कॅनडातल्या मल्टिमॅटिक कंपनीचे साधे यांत्रिक शॉक बसवले. त्यांच्यात वीज नाही, संगणक नाही. अतिशय काटेकोर कापलेल्या झडपा आहेत, ज्या तापल्यावरही तशाच वागतात. या गाडीने 2017 मध्ये जर्मनीतल्या न्युर्बर्गरिंग ट्रॅकची जवळपास 21 किलोमीटरची फेरी 7 मिनिटे 16.04 सेकंदांत मारली. भक्तमंडळी हा आकडा द्विशतकासारखा सांगतात. मला मात्र तो ऐकला की विचारावेसे वाटते की लगेच पुढच्या फेरीला किती लागले. तो आकडा कुणी छापत नाही.

डॉजची चॅलेंजर राहिली. ट्रॉयमध्ये राहणारा आमचा एक कोल्हापूरकर मित्र आपली स्कॅट पॅक वाइडबॉडी घेऊन आला होता, आणि तिच्याबद्दल तो कुस्तीतल्या पठ्ठ्याबद्दल बोलावे तसा बोलतो. गाडी 1,900 किलोंच्या वर, इंजिन 6.4 लिटरचे आणि 485 हॉर्सपॉवरचे, चारही टायर 305 चे, आणि ते मावावेत म्हणून दोन्ही अंगांनी फुगवलेले पत्रे. पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर मस्टँगपेक्षा सव्वादोनशे मिलिमीटर जास्त. कागदावर ही गाडी ट्रॅकवर येऊच नये. प्रत्यक्षात ती आली, वळणात आधी एका कुशीवर झुकली, मग ठामपणे त्याच कुशीवर राहिली, आणि पाच फेऱ्यांनंतर मित्राने तिला स्वतःहून आत आणली. "टायर माझ्या पगारातून येतात," तो म्हणाला. रविवारी हीच गाडी मागच्या सीटवर दोन मुले बसवून मराठी शाळेत जाते. कॅमारोच्या मागच्या सीटवर दप्तर बसते, मूल नाही. तेव्हा कोणते हँडलिंग कुणाला हवे, हा प्रश्न ट्रॅकच्या घड्याळाने सुटत नाही.

आणि सरळ रेषेतल्या गाड्यांना मी हसत असे, तेही त्या हिवाळ्यात थांबले. 2018 च्या डीमनबद्दल, म्हणजे ड्रॅगसाठी, पाव मैल सरळ पळायला काढलेल्या चॅलेंजरबद्दल, लोक 840 हॉर्सपॉवर सांगतात, एक डॉलरमध्ये मिळणारी शेजारची सीट सांगतात. माझ्या मते तिच्यातली सर्वांत शहाणी गोष्ट एअर कंडिशनर आहे. ड्रॅगच्या वेळी त्याचा गारवा माणसाला न देता इंजिनात जाणारी हवा थंड करणाऱ्या पाण्याकडे वळवला जातो, आणि इंजिन बंद केल्यावरही पंप आणि पंखा चालू राहतो, म्हणजे पुढच्या धावेला गाडी पहिल्यासारखी निघावी. पाव मैलाच्या, दहा सेकंदांच्या गाडीलाही दुसऱ्या धावेची काळजी होती. 1एलई घेणाऱ्याने एअर कंडिशनर सोडायचा, डीमन घेणाऱ्याने तो इंजिनाला द्यायचा. घाम दोघांनाही चुकलेला नाही.

2023 च्या डिसेंबरमध्ये कॅमारो आणि चॅलेंजर दोन्हींचे उत्पादन थांबले. मस्टँग उरली; तिची डार्क हॉर्स आता 500 हॉर्सपॉवरची आहे आणि हँडलिंग पॅकेजमध्ये तिला मागे 315 चे पिरेली मिळतात. तिच्या जोडीला पळायला या दोघींपैकी दुकानात कुणी नाही.

बाबांचा प्रश्न मात्र तसाच होता. तिला वास कसा नाही? मी त्यांना पातेल्यांचा हिशेब सांगितला, कूलर सांगितले, पिस्टन सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "आणि ऑइल? ते तो केव्हा बदलतो?" मी त्या मालकाला निरोप पाठवला. उत्तर आले: ट्रॅकवर जाण्याआधी, दर वेळी. मी ते बाबांना वाचून दाखवले. ते फक्त "हं" म्हणाले. माझी जीभ का अडखळली होती ते मला त्या "हं"मध्ये कळले. जे पॅकेज मी घेतले नव्हते त्याच्यामागे मी जे काम केले नव्हते ते लपवत होते.

बाबांच्या परतीच्या आधीच्या शनिवारी आम्ही नोव्हाय गावातल्या आमच्या घरी गॅरेजमध्ये ब्रेकची हवा काढायला बसलो. बाबा चालकाच्या सीटवर, मी चाकाशी, निपलला पारदर्शक नळी आणि नळीचे टोक लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. "दाबा… धरा… सोडा," मी म्हणत होते; लहानपणी हे शब्द ते म्हणत आणि पेडलवर माझा पाय असे, पायाखाली लाकडी ठोकळा ठेवून. बरणीत पडणारे ऑइल कडक चहाच्या रंगाचे होते, मग ते फिके होत गेले, बुडबुडे कमी झाले, आणि शेवटी मधासारखी स्वच्छ धार आली. चौथे चाक झाल्यावर मी निपल आवळला आणि "सोडा" म्हटले. त्यांनी पाय उचलला नाही. पेडल तसेच दाबून धरून ते काचेतून गॅरेजच्या उघड्या दारापलीकडे, आमच्या गल्लीच्या सरळ, सपाट रस्त्याकडे बघत राहिले.

"जवळपास घाट कुठं आहे गं इथं?" त्यांनी विचारले.

"नाही बाबा, इथे घाट नाही."

"मग कळणार कसं?" असे म्हणून त्यांनी पेडल आणखी एकदा दाबून पाहिले.